बेसिनखालचे कपाट : माल कोणता वापरावा?

घोडकाठी शिरूर असो की भीमेकाठी दौंड, नवे घर बांधणारा आता बेसिनखाली कपाट मागतो. आमच्या सुतार आणि हार्डवेअरवाल्या बांधवांनी ऑर्डर घेण्याआधी एकच विचारावे : या बेसिनवर रोज काय काय धुतले जाणार?

वजू करताना हात कोपरापर्यंत धुतात. कोपरावरचे पाणी बेसिनबाहेर, थेट कपाटाच्या दारावर ओघळते. घरात पाच माणसे असली तर दार दिवसभर ओलेच. भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड तिथे फुगतो, बिजागरीचे स्क्रू सुटतात आणि बोल सुताराला लागतो. एमआर दर्जाचा साधा प्लायही नको. आयएस 710 चा छाप असलेला मरीन प्लायच घ्यावा. नुसत्या तोंडी 'मरीन'वर पैसे मोजू नयेत. कापलेल्या कडा मात्र बंद कराव्यात, पाणी शिरते ते तिथूनच.

आपल्याकडे न्हाणीघर बादलीने धुतात, म्हणून कपाट जमिनीपासून निदान 6 इंच उचलावे. बेसिनची कड 32 इंचांच्या आसपास ठेवावी. पाय धुवायला खाली वेगळा नळ हवाच. म्हाताऱ्या माणसाने बेसिनवर पाय टाकणे धोक्याचे. बोअरचे पाणी जड असेल तर गडद सनमायका टाळावा, पांढरे डाग लपत नाहीत.

बजेट कमी असेल तर आम्ही सांगू, कपाट करूच नका. भिंतीत कडाप्प्याची एक फळी बसवा आणि बेसिनखालचा ट्रॅप मोकळा ठेवा. तो साफ करायला प्लंबरला कपाट खोलावे लागणार नाही.