सागरतरण आणि तिथीचे गणित

विहिरीत किंवा नदीत चार हात मारता येऊ लागले की समुद्रही आपल्यास वश झाला, असे पुष्कळांस वाटते. मलाही तसेच वाटत असे. शाळेत असताना एका त्रयोदशीस आम्ही तिघे मित्र सकाळी नऊ वाजता अलिबागच्या किनाऱ्यावर पोहावयास जाणार होतो. निघता निघता उशीर झाला आणि पाण्यात उतरावयास साडेअकरा वाजले. ऊन स्वच्छ होते, लाटा लहान होत्या. भिण्यासारखे काही दिसत नव्हते. थोड्या वेळाने सहज मागे वळून पाहिले, तो किनाऱ्यावरील माणसे बोटाएवढी दिसत होती! आम्ही तत्काळ परत फिरलो व सर्व शक्तीनिशी हात मारू लागलो; परंतु किनारा काही केल्या जवळ येईना. अखेर मासेमारी करून परतणाऱ्या एका वृद्ध कोळीबाबांनी आम्हांस आपल्या होडीत ओढून घेतले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "पोरांनो, आज तिथी कोणती?" आम्हां तिघांपैकी एकासही ती सांगता आली नाही.

त्या प्रश्नात केवढे शास्त्र साठवले आहे, हे मला पुढे कळले. तेच आज तुम्हांस सांगावयाचे आहे.

चंद्राच्या व काही अंशी सूर्याच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी चढते व उतरते, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. म्हणून भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आपल्या तिथीही चंद्राच्याच गतीवर बसविलेल्या आहेत. तेव्हा तिथीवरून भरतीची वेळ काढता यावी, यात नवल नाही. त्याचा सोपा हिशेब असा : तिथीचा अंक घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. जी संख्या येईल, तितके वाजण्याच्या सुमारास पाणी पूर्ण भरते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, त्रयोदशीस पावणेदहा वाजता. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा हाच क्रम लागतो. हा हिशेब अर्थात अदमासाचा आहे. अचूक वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकांत पाहावी.

आता आमची चूक पाहा. त्रयोदशीस पावणेदहाला पाणी भरले. आम्ही ठरल्याप्रमाणे नऊ वाजता उतरलो असतो, तर भरतीने आम्हांस किनाऱ्याकडेच लोटले असते. साडेअकराला ओहोटी लागून पावणेदोन तास झाले होते. आणि ओहोटी सदा एकाच वेगाने चालत नाही. पाणी उतरण्याच्या सहा तासांत एकंदर उताराचे बारा हिस्से कल्पिले, तर पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात पुन्हा दोन आणि सहाव्यात एक हिस्सा पाणी उतरते. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मे पाणी निघून जाते! आम्ही नेमके त्या तिसऱ्या तासाच्या तोंडाशी पाण्यात उतरलो होतो. कोळीबाबा म्हणाले तेच खरे : आम्ही पोहत नव्हतो, पाणी आम्हांस नेत होते.

दुसरी गोष्ट उधाणाची व भांगाची. पौर्णिमेस व अमावास्येस सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते. तेव्हा पाणी अधिक चढते व अधिक उतरते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास ती आकर्षणे एकमेकांस काटकोनात असतात, त्यामुळे चढउतार थोडा होतो. हा भांग. मुंबई व अलिबाग यांच्या परिसरात उधाणाच्या दिवशी पाण्याच्या पातळीत साडेतीन-चार मीटरांचा फरक पडतो, तर भांगाच्या दिवशी तो दीड मीटरच्या आसपास असतो. जितका चढउतार अधिक, तितका प्रवाहही जोराचा.

अलिबागेस या गोष्टीचा साक्षीदार समोरच उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६८० साली ज्याचे बांधकाम सुरू केले, तो कुलाबा किल्ला भरतीच्या वेळी चोहोंकडून पाण्याने वेढलेला असतो. परंतु ओहोटीस तेथपर्यंत पायी जाता येते. उधाणाच्या दिवशी पाणी दुपारी भरते, म्हणून सकाळी सहाच्या सुमारास किल्ल्याची वाट कोरडी पडलेली असते. त्या दिवशी प्रातःकाली पोहणाऱ्याने उतरावे तरी कोठे? याच्या उलट अष्टमीपासून एकादशीपर्यंत भरती सकाळी सहा ते सव्वाआठ या वेळात येते, आणि प्रवाहही सौम्य असतो. म्हणजे प्रभातकाळच्या सागरतरणास योग्य असे चार-चार दिवस निसर्गानेच प्रत्येक पक्षात नेमून दिले आहेत.

सकाळच्या वेळेचा आणखी एक लाभ आहे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते व जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारे वाहतात. त्यामुळे सकाळी पाणी बहुधा शांत असते. दुपारी खारे वारे सुटले म्हणजे लाटा उठू लागतात. मात्र हाच मतलई वारा हवेने फुगविलेल्या तराफ्यास नकळत दूर नेतो. म्हणून अशा साधनावर विसंबून कोणी खोल पाण्यात जाऊ नये.

प्रवाहापुढे केवळ बाहुबळ चालत नाही, याचे उदाहरण आपल्याच देशातील एका वीरकन्येच्या चरित्रात आहे. बंगालच्या आरती साहा १९५९ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लिश खाडी पोहून जाण्यास निघाल्या. सोबतीची नौका ४० मिनिटे उशिरा आली. पुढे इंग्लंडचा किनारा सुमारे ५ मैलांवर आला असता उलटा प्रवाह लागला आणि तासन् तास झुंजूनही त्यांस परतावे लागले. त्या खचल्या नाहीत. २९ सप्टेंबर १९५९ रोजी त्यांनी १६ तास २० मिनिटे पोहून खाडी पार केली आणि हा पराक्रम करणाऱ्या त्या आशियातील पहिल्या महिला ठरल्या. खाडीची रुंदी जेथे सर्वांत कमी आहे, तेथे ती सुमारे २१ मैल आहे. परंतु प्रवाहांमुळे त्यांस ४२ मैल पोहावे लागले. ऑगस्टात आणि सप्टेंबरात हात तेच होते, धैर्यही तेच होते. पाणी मात्र निराळे होते.

आता काही नियम ध्यानात ठेवा. एकट्याने कधी उतरू नये. सोबत जाणता पोहणारा असावा आणि दूर जावयाचे असल्यास होडी असावी. भरती पूर्ण होण्याच्या तासभर आधी उतरावे व पाणी भरताच बाहेर यावे. किनाऱ्यापासून दूर न जाता त्याला समांतर पोहावे. पावसाळ्यात समुद्रात उतरूच नये. लाटा जोराने फुटतात अशा किनाऱ्यांवर पाणी एखाद्या अरुंद वाटेने वेगाने परत फिरते. त्याचा वेग कधी कधी सेकंदास अडीच मीटरपर्यंत असतो. त्याच्याशी जगातील श्रेष्ठ जलतरणपटूही झुंजू शकत नाही. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे न झुंजता आडवे पोहून त्याच्या बाहेर पडावे. थकवा आल्यास उताणे पडून तरंगावे व हात उंच करून साहाय्य मागावे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून जड असते, एका लिटरचे वजन सुमारे १,०२५ ग्रॅम भरते. म्हणून ते स्थिर राहणाऱ्या देहास अधिक उचलून धरते. बुडतो तो बहुधा घाबरून धडपडणारा.

पालकांस विनंती इतकीच की, मुलांस समुद्राची भीती घालू नये. समुद्राची ओळख करून द्यावी. भीती घातलेला मुलगा एखाद्या दिवशी चोरून जातो. ओळख असलेला मुलगा वेळ पाहून जातो.

आणि विद्यार्थिमित्रहो, हा लेख वाचून झाल्यावर घरातील दिनदर्शिका काढा, आजची तिथी पाहा, तिची पाऊणपट करा व भरतीची वेळ वहीत लिहून ठेवा. किनाऱ्यावर उद्या एखाद्या कोळीबाबांनी तुम्हांस तोच प्रश्न विचारला, तर खाली मान घालण्याची पाळी तुमच्यावर येऊ नये.