रिंग बफर : रहाटगाडग्याचा हिशोब

मायक्रोकंट्रोलरच्या लॅबमध्ये सिरियल पोर्टचा प्रोग्रॅम लिहिताना ‘रिंग बफर’ हा शब्द प्रत्येकाच्या कानावर पडतो. परीक्षेत एक गोल काढायचा, त्याचे आठ भाग करायचे, दोन बाण दाखवायचे, की झाले मार्क! पण त्या दोन बाणांची वजाबाकी कशी करायची आणि गोलाचे भाग किती ठेवायचे, हे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. या लेखात तेवढंच पाहू.

जुन्या विहिरींवर रहाटगाडगं असायचं. माळेत गाडगी ठराविक. खाली भरायची, वर रिकामी व्हायची आणि तीच पुन्हा खाली जायची. रिंग बफर तसाच. मेमरीत ठराविक खण असतात. पुढचा नमुना कुठे भरायचा ते ‘हेड’ सांगतो, पुढचा कुठून काढायचा ते ‘टेल’ सांगतो. शेवटचा खण झाला की पुन्हा शून्य नंबरचा.

हे आपल्या भागात कशाला हवं?

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांतली हजारो माणसे झोपेतच गेली. अगदी अलीकडे, २१ मार्च २०२४ च्या सकाळी, हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडमध्येही जाणवला. म्हणजे भूकंपमापन हा विषय आपल्या दारातला आहे.

ट्रिगरवर चालणारे भूकंपमापक यंत्र हादरा ठराविक पातळीच्या वर गेला की नोंद कायमची साठवू लागते. पण तोपर्यंत पहिली सौम्य ‘पी’ लहर निघून गेलेली असू शकते. खडकात ती सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते, मागून येणारी जोरदार ‘एस’ लहर साधारण साडेतीन किलोमीटर. केंद्र ४० किलोमीटरवर असेल तर दोघींत साधारण पावणेपाच सेकंदांचे अंतर पडते. या अंतराला आठाने गुणले की केंद्र किती लांब ते ढोबळमानाने कळते. ‘पी’ची सुरुवात हातची गेली की हा हिशोबच गेला.

म्हणून यंत्र रात्रंदिवस नमुने घेऊन रिंग बफरमध्ये फिरवत ठेवते. नवा नमुना सर्वांत जुन्यावर लिहिला जातो. ट्रिगर झाला की मागचे दहा सेकंद आधीच हातात असतात. सेकंदाला १०० नमुने धरले तर १००० खण लागतात. आता या हजार खणांचा इंडेक्स कसा चालवायचा?

भरलेला की रिकामा?

पहिली अडचण बघा. रात्री घड्याळात ११ वाजलेले पाहून तुम्ही आडवे झालात. उठून पाहता तर काटे ११ वरच. डोळा लागलाच नाही, की बारा तास झोप झाली? नुसत्या काट्यांवरून सांगता येत नाही. रिंग बफरमध्ये हेड आणि टेल एकाच खणावर आले की तोच पेच पडतो. बफर रिकामा असू शकतो किंवा काठोकाठ भरलेला.

यावर तीन उपाय आहेत.

१) एक खण कायम रिकामा ठेवायचा. आठ बिटच्या आर्डुइनो बोर्डांच्या सिरियल लायब्ररीत बफर ६४ बाइटचा असतो, पण मावतात ६३ च, ते यामुळेच.

२) भरलेल्या खणांची वेगळी मोजणी ठेवायची. पण इंटरप्ट ती वाढवतो आणि मुख्य प्रोग्रॅम तीच कमी करतो. दोघांचे हात एकाच वेळी लागले की मोजणी चुकते.

३) हेड आणि टेल खणांपाशी शून्यावर आणायचेच नाहीत. ते आपले वाढत राहू द्यायचे. खण शोधतानाच भागाकाराची बाकी काढायची. हेड वजा टेल म्हणजे भरलेले खण. शून्य आले तर रिकामा, खणांच्या संख्येइतके आले तर भरलेला. लिनक्स कर्नलमधला के-फिफो याच पद्धतीने चालतो.

काउंटर उलटला तर?

१६ बिटचा काउंटर ६५५३५ नंतर शून्यावर येतो. समजा टेल ६५५३० वर आहे आणि हेड उलटून ५ वर आला. ५ वजा ६५५३० म्हणजे उणे ६५५२५. घाबरू नका. लातूरची एसटी ११ ला निघून २ ला पोचली तर आपण उणे नऊ तास म्हणत नाही, १२ मिळवून ३ म्हणतो. इथे ६५५३६ मिळवा, उत्तर ११. मोजून बघा, ६५५३० ते ६५५३५ हे सहा आणि ० ते ४ हे पाच. अनसाइन्ड वजाबाकी हे आपोआप करते.

मात्र सी भाषेत एक खोडी आहे. पीसीवर किंवा ३२ बिटच्या प्रोसेसरवर १६ बिटचे आकडे वजाबाकीआधी साध्या इंटमध्ये बदलतात आणि उत्तर खरोखर उणे ६५५२५ येते. म्हणून वजाबाकीचे उत्तर पुन्हा १६ बिट अनसाइन्डमध्ये कास्ट करायलाच हवे.

हजार की एक हजार चोवीस?

आता खरा सापळा. खण १००० आणि काउंटर १६ बिटचा. ६५५३५ ला हजाराने भागले की बाकी ५३५. पुढचा नमुना ५३६ नंबरच्या खणात जायला हवा. पण काउंटर शून्य झाला, म्हणून तो शून्य नंबरच्या खणात जातो. मधले खण सुटले आणि क्रम तुटला. सेकंदाला १०० नमुन्यांनी काउंटर ६५५ सेकंदांनी, म्हणजे जवळजवळ अकरा मिनिटांनी, उलटतो. लॅबमध्ये पाच मिनिटे चालवून दाखवले तर सगळे ठीक, शिक्षकही खूष. नेमका उलटण्यानंतरच्या दहा सेकंदांत भूकंप झाला तर मागची नोंद विस्कटलेली. काउंटर ३२ बिटचा केला तर हीच चूक जाते साधारण ४९७ दिवसांवर. म्हणजे ती सापडणे आणखी अवघड!

उपाय सोपा आहे. खणांची संख्या दोनच्या घातात घ्या, म्हणजे १०२४. ६५५३६ ला १०२४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून उलटताना सांधा बरोबर जुळतो. शिवाय भागाकाराऐवजी १०२३ शी बिटवाइज अँड केले की काम होते. दहा सेकंदांऐवजी १०.२४ सेकंद मिळतात, तोटा काही नाही. तीन दिशांचे दोन-दोन बाइटचे नमुने धरले तर मेमरी लागते ६१४४ बाइट.

वरची मर्यादाही लक्षात ठेवा. १६ बिटच्या काउंटरवर ६५५३६ खण घेतले तर पूर्ण भरल्यावर वजाबाकी शून्य येते, म्हणजे पुन्हा तोच घड्याळाचा पेच. म्हणून दोनच्या घातातला सर्वांत मोठा आकार ३२७६८, आणि आठ बिटच्या काउंटरवर १२८.

शेवटच्या दोन गोष्टी

जुन्यावर लिहिणाऱ्या बफरमध्ये टेल मागे पडू देऊ नका. बफर भरलेला असेल तर नवा नमुना लिहिताना टेलही एकाने पुढे न्या. आणि आठ बिटच्या कंट्रोलरवर १६ बिटचा काउंटर दोन तुकड्यांत वाचला जातो. मध्येच इंटरप्ट येऊन २५५ चे २५६ झाले, तर वाचणाऱ्याला शून्य किंवा ५११ दिसू शकते. तेवढ्या वाचनापुरता इंटरप्ट बंद ठेवा.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. प्रोग्रॅम तपासताना हेड आणि टेल शून्यापासून सुरू न करता ६५५३० पासून सुरू करा. अकरा मिनिटांनी दिसणारी चूक पहिल्या सहा नमुन्यांतच समोर येईल. आधी १००० खणांनी करून बघा, मग १०२४ नी. प्रोजेक्टच्या सबमिशनआधी एवढे केलेत तरी पुष्कळ झाले.