सेन्सरने दाखवलेला आकडा खरा कशावरून?

नववी-दहावीतल्या मुलाने घरी येऊन सांगितलं की आम्ही चौघे मिळून सेन्सरचा प्रोजेक्ट करतोय, की पालकांच्या मनात दोन प्रश्न येतात. अभ्यासाचा किती वेळ जाणार? आणि पुढे याचा उपयोग काय? दोन्ही रास्त आहेत, म्हणून आधी सरळ उत्तर देतो. महाराष्ट्रात पॉलिटेक्निकचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि इंजिनीअरिंगच्या कॅप फेरीत सीईटी किंवा जेईईचे गुण पाहिले जातात. विज्ञान प्रदर्शनातल्या ढालीमुळे त्या यादीतला नंबर वर सरकत नाही. केवळ बक्षिसासाठी हे चाललं असेल तर मुलांना त्यात अडकवू नका. पण काम नीट झालं तर मुलांना एक सवय लागते आणि ती कोणत्याही क्लासमध्ये मिळत नाही. यंत्राने दाखवलेल्या आकड्यावर शंका घ्यायची आणि ती स्वतः तपासून पाहायची, ही ती सवय.

कांदाचाळीचं उदाहरण घ्या. नाशिक, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्यांतल्या मुलांना हा विषय घरातून माहीत असतो. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि भावाची वाट पाहत काही महिने तिथेच राहतो. हवा दमट झाली की सड आणि काळी बुरशी, फार तापली आणि कोरडी झाली की वजनात घट. म्हणून चाळीत तापमान २५ ते ३० अंश आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के राहावी अशी शिफारस असते. मुलं अर्डुइनोचा बोर्ड आणतात, डीएचटी-११ नावाचा स्वस्त निळा सेन्सर जोडतात, आर्द्रता ७०च्या वर गेली की पंखा सुरू करतात. हजार रुपयांच्या आत काम होतं, प्रदर्शनात टाळ्या पडतात.

खरा अभ्यास इथून पुढे आहे. या सेन्सरची आर्द्रता पाच टक्के कमी-जास्त असू शकते, हे त्याच्या डेटाशीटमध्येच छापलेलं असतं. म्हणजे पडद्यावर ६८ दिसत असताना चाळीत ६३ असेल किंवा ७३. सांभाळायचा पट्टाच पाच टक्क्यांचा आहे. अशा सेन्सरवर पंखा सोपवला तर तो नको तेव्हा फिरेल आणि हवा तेव्हा बंद राहील. हे ज्या गटाच्या लक्षात आलं, त्याच्या प्रोजेक्टला मी पहिला नंबर देईन, मग पंखा फिरला नाही तरी चालेल.

तपासायचं कसं, याचंही साधन स्वयंपाकघरात आहे. मीठ पूर्ण विरघळणार नाही इतक्याच पाण्यात कालवा, ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सेन्सर मिठाला न टेकता वर लटकवा. रात्रभर डबा उघडू नका. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला त्या डब्यातली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिरावते. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, कुणाचा अंदाज नाही. सेन्सर ८१ दाखवत असेल तर त्याची चूक किती, हे कळलं. दुसरा सेन्सर त्याच डब्यात ठेवला तर दोघांतला फरकही कळतो. हे सगळं तारखेनिशी वहीत उतरलं पाहिजे. मग शेतकऱ्याला विचारायचं, सड कुठून सुरू होते? ढिगाच्या पोटात. आणि आपण सेन्सर लावला कडेच्या जाळीला! पुढचा प्रश्न वीज गेल्यावर काय, त्यापुढचा उंदरांनी वायर कुरतडली तर काय. पुस्तकात न मिळणारं शिक्षण मला इथे दिसतं.

पालकांनी हेही जाणून घ्यावं की याच कामावर माणसं आयुष्यभर पोट भरतात. औषध कारखान्यातली शीतखोली, दूध संघातलं पाश्चरायझेशन, चाकणमधली वाहन चाचणी, सगळीकडे मोजमापाची उपकरणं ठरावीक मुदतीने तपासून घ्यावी लागतात. त्यासाठी कॅलिब्रेशनच्या प्रयोगशाळा असतात आणि त्यांना एनएबीएल मान्यता देते. मुंबईत चुनाभट्टीला विद्युत मोजमापाच्या उपकरणांसाठी आयडेमी ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे प्रशिक्षणही मिळतं. या क्षेत्रात शिरायला इंजिनीअरिंगची पदवी हाच एक दरवाजा नाही. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ट्रेड आहे. इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्सची तीन वर्षांची पदविका आहे, तिच्यानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पदवीनंतर सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टीम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. बारावीला गुण कमी पडले म्हणून ही वाट बंद झाली असं मुलांना कधीही वाटू देऊ नका.

शाळेत सुरुवात कुठे करायची? २०१६मध्ये नीती आयोगाने अटल इनोव्हेशन मिशन सुरू केलं. त्यातून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या आणि प्रत्येक शाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंतच्या अनुदानाची तरतूद झाली. तुमच्या शाळेत अशी लॅब असेल तर पालकसभेत विचारा की ती आठवड्यातून किती तास उघडी असते. कुलपात ठेवलेला थ्रीडी प्रिंटर कुणाच्याच कामाचा नाही. लॅब नसेल तरी वाट आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकण्यासाठीच, आणि २००२मध्ये तिथे फॅब लॅबही आली. गावाच्या गरजेतून तंत्रज्ञान कसं शिकावं हे पाहायला मुलांना एकदा तिथे न्या.

कंपनीची साथ मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण साथ म्हणजे चेक आणि फ्लेक्सवरचा लोगो इतकंच असेल तर तिचा उपयोग थोडा. महिन्यातून दोन तास एखादा इंजिनीअर मुलांसमोर बसला आणि 'हे बंद का पडलं?' असं विचारत राहिला, तर ती साथ मोठी. कॉलेजच्या मुलांसाठी २०१७पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन होते. त्यात मंत्रालयं आणि उद्योग आपल्या खऱ्या अडचणी मांडतात आणि सहा जणांचे गट त्यावर काम करतात. गटात किमान एक मुलगी असावी, असा नियम आहे. शाळांनीही तो घ्यावा आणि त्यापुढे जावं. सोल्डरिंग मुलांकडे आणि पोस्टर, वही, सादरीकरण मुलींकडे, ही वाटणी मला फार खटकते. दर पंधरा दिवसांनी कामं बदला. प्रत्येकाच्या हाताला एकदा तरी सोल्डरिंग गनचा चटका बसू दे आणि प्रत्येकाला एकदा तरी शेतकऱ्याशी बोलू दे.

तयार प्रोजेक्ट बाजारात विकत मिळतात, कोड आणि अहवालासकट. घेऊ नका. मुलाखतीत 'हा रेझिस्टर इथे का?' एवढा एक प्रश्न आला की मुलाचा चेहरा पडतो, आणि तो प्रसंग आपण त्याच्यावर आणलेला असतो.

वेळेबद्दल माझं मत ठाम आहे. आठवी, नववी आणि दहावीनंतरची सुट्टी हा या कामाचा काळ. बारावीच्या वर्षात नवा प्रोजेक्ट हाती घेऊ नये, जुन्याची वही जपून ठेवावी.

आणि कंपनीबरोबर काम सुरू होण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: कल्पना कुणाच्या नावावर राहणार, मुलांनी गोळा केलेली नोंद कोण वापरणार, शाळेबाहेर काम असेल तेव्हा सोबत कोणते शिक्षक असतील. पेटंटचा विचार असेल तर अर्ज आधी आणि प्रदर्शन नंतर, कारण जाहीर झालेल्या कल्पनेचं नावीन्य सिद्ध करणं अवघड जातं. मुख्याध्यापक, कंपनीचा अधिकारी आणि एक पालक, तिघांच्या सह्या त्या कागदावर असू द्या.