पुस्तक मिटल्यानंतरचा अभ्यास

जामनेर तालुक्यातील द्विशिक्षकी शाळांना अपरिचित नसलेला असा हा अनुभव आहे. शनिवारी सकाळच्या शाळेत चौथीच्या वर्गास नदीचा पाठ मन लावून शिकविला जातो. मुले माना डोलावतात, प्रश्नांची उत्तरे एका सुरात देतात आणि शिक्षक समाधानाने घरी जातात. सोमवारी त्याच पाठावर एकेकास प्रश्न विचारला असता बरीच मुले खाली पाहू लागतात. मग पाठ पुन्हा वाचून घेतला जातो, पुन्हा समजावून दिला जातो, आणि आठवड्याने पुन्हा तोच प्रकार घडतो. शेवटी दोष मुलांच्या माथी येतो. ‘ह्याच्या डोक्यात काही राहतच नाही’ हे वाक्य एकदा वर्गात उच्चारले गेले की ते त्या मुलाच्या घरापर्यंत पोहोचते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्याला शाळेत पाठवायचे की शेतात न्यायचे, ह्याचा निर्णय घरी त्या वाक्यावरून होऊ लागतो.

विसरणे हा मुलाचा दोष नसून मनाचा स्वभाव आहे. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन अभ्यासकाने अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या स्वतः पाठ करून, ठरावीक काळानंतर त्या पुन्हा पाठ करण्यास किती श्रम कमी लागतात, हे मोजले. त्याचा ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध झाला. पाठांतराचा पुष्कळसा भाग पहिल्या तासाभरातच निसटतो, दुसऱ्या दिवशी मूळ श्रमांपैकी साधारण एकतृतीयांशच पदरात उरतात, आणि त्यानंतरची घट मात्र मंद असते, असे त्यास आढळले. अर्थपूर्ण पाठ इतक्या झपाट्याने जात नाही हे खरे. तथापि गळतीचा क्रम तोच असतो. तेव्हा शनिवारचा पाठ सोमवारी न आठवणे ह्यात नवल काहीच नाही. त्या गळतीवर शाळेत कोणता उपाय केला जातो, एवढाच प्रश्न उरतो.

पुन्हा वाचून घेणे हा सर्वांत प्रचलित उपाय होय, आणि तोच सर्वांत दुबळा आहे. वाचताना ओळखीचे शब्द समोर आले की ‘हे मला येते’ असा भास होतो. शब्द ओळखणे निराळे आणि ते मनातून बाहेर काढणे निराळे. अमेरिकेतील आयोवा राज्यात स्पिट्झर या संशोधकाने सहावीच्या ३,६०५ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९३९ साली प्रसिद्ध झाला. मुलांना भुईमूग व बांबू यांविषयीचे उतारे वाचावयास दिले होते. ज्यांची वाचनानंतर लगेच चाचणी झाली, त्यांना ती माहिती पुढील आठवड्यांत इतरांपेक्षा अधिक आठवली; चाचणी जितकी लांबली तितका तिचा लाभ घटला. येथे चाचणी म्हणजे गुण देण्याचे साधन नव्हे. आठवण्याचा प्रयत्न हाच शिकण्याचा भाग ठरतो, हा त्या प्रयोगाचा अर्थ आहे.

आपल्याकडील जुन्या मराठी शाळांना ही गोष्ट व्यवहाराने ठाऊक होती. दिवेलागणीला म्हटली जाणारी परवचा, त्यातील पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी ही सर्व पुस्तकाविना म्हणावयाची असत, आणि ती रोज म्हटली जात. न पाहता म्हणणे आणि पुनःपुन्हा काही अंतराने म्हणणे, ही दोन्ही तत्त्वे तीत होती. परंतु परवचेत एक मोठे वैगुण्यही होते. समूहाच्या आवाजात न येणारा मुलगा लपून जाई. ओठ हलत राहत, आणि सात नव्वे किती हे एकट्यास विचारले की तो पहिल्यापासून पाढा म्हणू लागे. परवचा सरसकट टाकून देणाऱ्यांनी तिचे गुण टाकले. तिचे वैगुण्य मात्र ‘सामुदायिक उत्तरां’च्या रूपाने वर्गात तसेच राहिले.

मोठ्या मुलाने लहानास शिकविण्याची रीतही येथलीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एग्मोर येथील अनाथालयात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल याने देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरविताना पाहिली, ती पद्धत उचलली, आणि विद्यार्थ्यांकडूनच विद्यार्थ्यांना शिकविण्याची व्यवस्था बसविली. १७९७ साली त्याने तिचा वृत्तान्त छापला व ती ‘मद्रास पद्धती’ म्हणून इंग्लंडात गाजली. समजावून सांगताना सांगणाऱ्यास स्वतःला आठवावे लागते. म्हणून शिकविणाऱ्या मुलाचाही तीत लाभ असतो.

आता वरील नदीच्या पाठाकडे वळू. समजा, विषय वाघूर नदीचा आहे. तिचा उगम अजिंठ्याच्या डोंगरात, लेण्यांच्या घळीतून तिचा प्रवाह, तालुक्यातून उत्तरेकडे वाट, वाटेतील धरण, त्यातून जळगाव शहरास मिळणारे पाणी, आणि शेवटी तापीशी संगम, एवढा मजकूर दहा-बारा मिनिटांत नकाशावर दाखवून सांगता येतो. त्यानंतर फळा पुसावा, पुस्तके मिटवावीत, आणि प्रत्येकाने आठवेल तितके पाटीवर लिहावे. ज्यास लिहिणे जड जाते त्याने नदीची वाट रेखाटावी. ही पाच-सात मिनिटे शांततेची असतात. दोन वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकास दुसऱ्या वर्गाकडे वळण्यासाठी नेमका हाच अवकाश मिळतो. पाट्या भरल्या की पुस्तक उघडून मुलांनी स्वतःच ताडून पाहावे व राहिलेले भरावे. चूक तेथल्या तेथे दुरुस्त झाली नाही तर तीच पक्की होते, म्हणून हे ताडून पाहणे टाळू नये. अखेरीस एकच ‘का’ विचारावा: वाघूर दक्षिणेकडे न जाता उत्तरेकडे का वाहते? ज्याने अजिंठ्याचा डोंगर आणि तापीचे खोरे मनात जोडले असेल, त्यास उतार सापडेल. ज्याने केवळ नावे पाठ केली असतील, तो अडेल. तो अडला हे त्याच दिवशी कळणे हितकर आहे.

दुसऱ्या दिवशी नवा पाठ आरंभण्यापूर्वी वाघुरीवर दोन-तीन प्रश्न, मग चार-पाच दिवसांनी, मग पंधरवड्याने, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा. यासाठी वेगळा तास लागत नाही. हजेरीनंतरची पाच मिनिटे पुरतात. शिक्षकाने एका वहीत तारखेनिशी प्रश्न टिपून ठेवले तर जुने प्रश्न शोधण्यात वेळ जात नाही. वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहिलेल्या मुलास हीच वही उपयोगी पडते; शेजारच्या मुलाने ती हाती घेऊन त्यास विचारावे, अडेल तेथे सांगावे. गणितातही वजाबाकीची दहा उदाहरणे ओळीने देण्याऐवजी बेरीज, वजाबाकी व गुणाकार मिसळून द्यावेत. ओळीने दिलेल्या उदाहरणांत कोणती क्रिया करावयाची हे मुलास ठरवावेच लागत नाही, आणि बाजारात तर नेमके तेच ठरवावे लागते.

ह्या रीतीत एक अडचण आहे व ती लपविण्यात अर्थ नाही. ती आरंभी मंद व कष्टाची वाटते. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, पाच मिनिटांनंतर विचारले तेव्हा उतारा पुन्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के, तर पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला. तपासणीस आलेला अधिकारी बहुधा त्या पहिल्या पाच मिनिटांतच वर्ग पाहतो. एका सुरातील खणखणीत उत्तरे ऐकून शेरा लिहिणाऱ्याने, महिन्यापूर्वीच्या पाठावर एखाद्या मागच्या ओळीतील मुलास विचारले तर शेरा अधिक खरा होईल. अशा वेळी ते मूल थबकले तरी शिक्षकाने उत्तर पुरविण्याची घाई करू नये. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजावे.

तसेच, जे समजलेच नाही ते आठवण्यास लावणे म्हणजे मुलाचा छळ होय. घरी तावडी बोलणाऱ्या किंवा तांड्यावर बंजारा बोलणाऱ्या मुलास ‘उगम’ व ‘संगम’ हे शब्द पाठ्यपुस्तकातच प्रथम भेटतात. त्या कल्पनेस घरी काय म्हणतात हे मुलांकडूनच काढून घ्यावे, ते फळ्यावर लिहावे, आणि मगच पुस्तकातील शब्द द्यावा. हा वेळ वाया जात नाही. पुढच्या पाठांतराचा पाया येथे घातला जातो.

हीच कसोटी शिक्षकांच्या स्वतःच्या अभ्यासासही लागू पडते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयामुळे, पंचेचाळीस-पन्नाशीच्या पुष्कळ सेवारत शिक्षकांपुढेही शिक्षक पात्रता परीक्षेचा अभ्यास येऊन उभा राहिला. दिवसभर वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी व ऑनलाईन माहिती भरून झाल्यावर रात्री पुस्तक घेतले जाते. वाक्यांखाली रेघा ओढल्या जातात. पान ओळखीचे वाटते आणि ‘झाले’ असे समजून ते उलटले जाते. वय झाले, आता लक्षात राहत नाही, ही तक्रार त्यातूनच निघते, आणि ती वर्गातील त्या मुलाविषयीच्या वाक्याची सख्खी बहीण आहे. रात्रीचा अर्धा तास मिळत असेल तर पंधरा मिनिटे वाचन पुरे. उरलेली पंधरा मिनिटे पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहिण्यात जावीत, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर, गाडीवर वा एस. टी. त, कालच्या कागदावर काय होते ते मनाशी आठवून पाहावे. शाळेत पोहोचल्यावर जे आठवले नसेल तेवढेच पुन्हा उघडून वाचावे.