महाग शहरातील विद्यार्थिजीवन

बारावीचा निकाल लागला की ठाणाकुशनूर व आसपासच्या खेड्यांतील पुष्कळ घरांत एकच प्रश्न उभा राहतो : मुलाला किंवा मुलीला पुढील शिक्षणासाठी हैदराबादेस, पुण्यास वा बेंगळुरूस पाठवावे काय? गुण असतात, इच्छाही असते; परंतु शहराच्या महागाईचे नाव निघताच बोलणे खुंटते आणि कित्येकांचे शिक्षणही तेथेच खुंटते. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम खर्चाचे स्वरूप पाहू. महाविद्यालयाचे शुल्क वर्षातून एकदोनदा द्यावे लागते. निवारा आणि अन्न यांचा खर्च मात्र दर महिन्याचा. शहरात जागा थोडी व माणसे फार, म्हणून भाडे चढते. महाविद्यालयाजवळची खोली महाग पडते. दूरची स्वस्त मिळाली तर वाचलेले पैसे बसभाड्यात आणि वाचलेला जीव गर्दीत जातो. पुण्याच्या मध्यवस्तीतील पेठांत तर खोलीऐवजी एका खाटेपुरते भाडे घेण्याची रीत आहे. खाणावळीचे पैसे महिन्याचे आगाऊ द्यावे लागतात. गैरहजेरीचा खाडा धरतात की नाही, हे आधीच विचारून घ्यावे लागते.

परंतु शेतकरी कुटुंबाची खरी अडचण केवळ रकमेची नाही, ती वेळेचीही आहे. आमच्याकडे मूग-उडदाचे पैसे भाद्रपदाच्या सुमारास येतात, सोयाबीनचे दिवाळीच्या आगेमागे, तुरीचे संक्रांतीनंतर. प्रवेश, अनामत रक्कम व पहिले भाडे यांची मागणी मात्र जून-जुलैत होते. म्हणजे घरातील पैसा बी-खतात गुंतलेला असतो नेमका तेव्हा. वर्षाच्या हिशेबाने ज्यास परवडते, तेही घर जूनमध्ये सावकाराच्या दारी जाते. ही गोष्ट ओळखली, तर तूर-हरभऱ्याच्या पैशांतून जूनची रक्कम आधीच बाजूस ठेवता येते.

आता पूर्वीच्यांनी काय केले, तेही पाहावे. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सात दिवस सात घरी. कोणी माधुकरी मागे. धोंडो केशव कर्वे यांनी मुंबईत शिकवण्या करून आपले शिक्षण पुरे केले आणि १८८४ साली ते बी. ए. झाले. परंतु वाराची सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरती होती. ज्यांस शहरात कोणाचा उंबरठाच मोकळा नव्हता, त्यांनी काय करावे? या प्रश्नाचे उत्तर वसतिगृहांनी दिले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांस आश्रय दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आमच्यापासून फार दूर नसलेल्या सोलापुरात १९२५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह उघडले. मुलींच्या बाबतीत कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापलेला अनाथ बालिकाश्रम, निवास व शिक्षण एकत्र देऊन, याच वाटेने गेला.

बाबासाहेबांनी तर महाग शहराचा अनुभव स्वतः घेतला होता. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन. १९२० मध्ये लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यास निघाले तेव्हा प्राध्यापकीतून शिल्लक टाकलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज, असे तीन आधार होते. काटकसर त्यांनी पराकाष्ठेची केली. तरी केवळ काटकसरीवर ते तेथे टिकले नाहीत. यातील बोध आम्हांस महत्त्वाचा वाटतो : महाग शहर एकट्याच्या पोटमाऱ्याने जिंकले जात नाही, ते अनेकांच्या सहकार्याने परवडते. १९५५ साली पुण्यात अच्युतराव आपटे यांनी स्थापलेली विद्यार्थी साहाय्यक समिती आणि कमवा व शिका योजना याच तत्त्वावर उभ्या आहेत.

आमच्या भागाची आणखी एक गुंतागुंत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानातील जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर त्या बाजूस गेले, आम्ही या बाजूस राहिलो. मराठी विद्यार्थ्यास पुणे भाषेने जवळचे. परंतु महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्या तेथील रहिवाशांसाठी असतात. उलट घटनेच्या ३७१ (जे) कलमान्वये कल्याण-कर्नाटकातील विद्यार्थ्यांसाठी कर्नाटकात राखीव जागा आहेत. मागासवर्गीय व अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहेही आहेत. तेव्हा शहर निवडताना भाषेचे सुख आणि सवलतीचा हक्क या दोहोंचा हिशेब एकाच कागदावर मांडावा.

विद्यार्थिमित्रहो, यातून काही नियम सहज निघतात. महाविद्यालयाच्या अर्जाबरोबरच वसतिगृहाचा अर्ज करावा. उत्पन्न, जात व ३७१ (जे) यांचे दाखले निकालापूर्वीच काढून ठेवावे. खोली घ्यावीच लागली, तर ओळखीच्या तिघाचौघांनी मिळून घ्यावी. रोजचा खर्च रोज लिहावा. काम करून शिकण्यात कमीपणा नाही. मात्र कामाचे तास अभ्यासाचे तास खाऊ लागले की मूळ हेतूच बुडतो. पोटाला चिमटा घेऊन पुस्तके घेणे कौतुकाचे दिसते. पण दुखणे आले की औषधाचा खर्च पुस्तकांहून जड होतो. अडचण आली तर घरी वेळीच कळवावी. ती लपविण्यात पुरुषार्थ नाही.

पालकांस आमची विनंती एवढीच : मुलीचे शिक्षण आणि मुलाचे शिक्षण यांना एकच ताजवा लावावा. खर्च अधिक म्हणून मुलीला घरी ठेवण्यापूर्वी वसतिगृहाचा दर तरी विचारून पाहावा.

आणि जे आधीच शहरी पोहोचले आहेत, त्यांच्यावर एक ऋण आहे. वार देणाऱ्या घराने परतफेड मागितली नाही. ते ऋण मागे फेडायचे नसते, पुढे फेडायचे असते. पुढल्या वर्षी गावातून येणाऱ्या नवख्या मुलाला स्थानकावरून उतरवून घेणे, चार रात्री आपल्या खोलीत जागा देणे, वसतिगृहाच्या अर्जाची मुदत गावी कळविणे, याला फारसा पैसा लागत नाही. एवढे झाले, तर त्या नवख्यास शहर निम्मे स्वस्त झाले असे समजावे.