चालक गेला, पार्किंग उरलं

प्रश्न : भाचा म्हणतो, ‘मामा, दहा-पंधरा वर्षांनी गाडी विकत घ्यायलाच नको. मोबाइलवर बोलावली की बिनचालकाची गाडी दारात येईल, काम झालं की निघून जाईल. पार्किंगची भांडणं आपोआप मिटतील.’ खरंच असं होईल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भाच्याचं अर्धं म्हणणं आजच खरं झालंय. अमेरिकेतल्या फीनिक्समध्ये ‘वेमो’ कंपनीच्या बिनचालकाच्या गाड्या 2020 पासून सर्वांसाठी धावताहेत. जून 2024 पासून सॅन फ्रान्सिस्कोतही त्या कुणालाही बोलावता येतात. स्टिअरिंग आपलं आपण फिरत असतं, आपण मागे बसून बघत राहायचं.

पण काम झाल्यावर ती गाडी जाते कुठे? एक तर पुढचं भाडं मिळेपर्यंत रिकामी फिरून गर्दीत भर घालते, नाहीतर कुठेतरी जाऊन उभी राहते. 2024 च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोत याचीच गंमत झाली. वेमोने उंच इमारतींना लागून असलेलं एक वाहनतळ घेतलं होतं. रात्री गाड्या तिथे यायच्या, मागे-पुढे होताना दुसरी फार जवळ आली की हॉर्न द्यायच्या. धडक टळावी म्हणून ती सोय मुद्दाम केलेली. पहाटे चारला आत चिटपाखरू नाही आणि गाड्या एकमेकींवर खेकसताहेत! शेजारच्यांची झोप उडाली, तेव्हा कंपनीने सॉफ्टवेअर दुरुस्त केलं. भांडणं मिटायची राहिली बाजूला, गाड्याच भांडायला लागल्या.

एकच गाडी अनेकांनी वापरली तर गाड्या कमी लागतील, हे कबूल. घरची गाडी दिवसातला बहुतेक वेळ उभीच असते. पण सकाळी साडेआठला सगळ्यांना एकदमच निघायचं असतं, हे डोंबिवलीकराला मी काय सांगावं! एका लोकलमधली हजारो माणसं एकेका गाडीत बसवली, तर चालक असो-नसो, रस्ता तुंबणारच.

जागेचा प्रश्न शेवटी कायद्याच्या दारात येतो. जपानने 1962 मध्येच कायदा केला. टोकियोत साधी मोटार घ्यायची तर आधी पोलीस ठाण्यातून पार्किंगच्या जागेचा दाखला आणायचा. अर्जाला नकाशा जोडायचा : घर कुठे, जागा कुठे, तिची लांबी-रुंदी किती. जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचं संमतिपत्र. ती घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. शिवाय रात्री रस्त्यावर एकाच ठिकाणी सलग आठ तास गाडी ठेवायला बंदी. जागेच्या दाखल्याची अशी अट आणण्याचं 2025 मध्ये आपल्या राज्य सरकारनेही बोलून दाखवलं. माझ्या मते बिनचालकाच्या गाडीआधी हा दाखला यायला हवा. फक्त तो ‘मॅनेज’ होता कामा नये.

तोवर सोसायटीच्या सभेत दुसऱ्या गाडीचं पार्किंग शुल्क दुप्पट करायचा ठराव मांडून बघा. किती हात वर होतात, ते कळवा.