गीता ४.२२ : पगार कमी झाला, मत्सर तेवढाच राहिला



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ४ (ज्ञानकर्मसंन्यासयोग), श्लोक २२. जोडीला २.५ आणि १८.८. पोथी किंवा अ‍ॅप जवळ असेल तर तिन्ही श्लोक आधी वाचून घ्या, मग खाली या.

चौथ्या अध्यायातल्या या भागात भगवंत कर्म करूनही कर्मात न अडकणाऱ्या माणसाचं वर्णन करतायत. बाविसाव्या श्लोकात त्याच्या खुणा येतात. हाव न धरता जे समोर येईल त्यात तो समाधानी असतो. सुख-दुःख, मान-अपमान या जोड्यांच्या पलीकडे गेलेला असतो. त्याच्या मनात मत्सर नसतो. काम साधलं काय, फसलं काय, तो सारखाच. असा माणूस कामं करतो, पण ती कामं त्याला बांधत नाहीत.

हा श्लोक मला पाठ होता. मागच्या वर्षी पुण्यातली नोकरी सोडून सोलापूरला आलो तेव्हा तर मी तो कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. पहिल्या खुणेवर, म्हणजे समाधानावर, मी खूश होतो. तिसऱ्या खुणेकडे माझं लक्षच नव्हतं.

आधी हिशोब सांगतो, कारण हिशोब लपवून अध्यात्म सांगणं मला पटत नाही. पुण्यात हातात ७८,००० यायचे. सोलापुरात ५२,००० येतात. म्हणजे दरमहा २६,००० ची कपात. आता दुसरी बाजू. पुण्यात वन बीएचके मेंटेनन्स धरून २६,००० ला होता, इथे जुळे सोलापुरात टू बीएचके ९,५०० ला आहे. पेट्रोल आणि कॅब मिळून ६,००० जायचे, आता दीड हजार. बाहेरचं खाणं ९,००० वरून ३,००० वर आलं. बेरीज केली तर २७,००० वाचतात. म्हणजे पगार एक तृतीयांश कमी होऊनही महिन्याला मी हजार रुपयांनी वरच आहे. आणि आई-बाबा बार्शीला, सत्तरेक किलोमीटरवर. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिथे होतो.

ही काही माझी अक्कलहुशारी नाही. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यात हेच गणित आहे. पुणे एक्स वर्गात, सोलापूर वाय वर्गात. जानेवारी २०२४ पासून एक्स शहरात मूळ पगाराच्या ३० टक्के आणि वाय शहरात २० टक्के. मूळ पगार ५०,००० असेल तर पुण्यात १५,००० आणि सोलापुरात १०,०००. तेच काम, तोच हुद्दा, आणि बदलीच्या ऑर्डरबरोबर पाच हजार कमी. कुणी त्याला अपयश म्हणत नाही.

हिशोबात न मावणारंही आहे. इथे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, त्यामुळे पहिल्याच महिन्यात मोठे पिंप घ्यावे लागले. उन्हाळा तर विचारूच नका. आणि खरी चिंता वेगळीच आहे : पुढची नोकरी शोधायला गेलो की पहिला प्रश्न 'सध्याचा पगार किती?' हाच असणार, आणि पुढचा आकडा या ५२ वरून ठरणार. हे ज्याला करायचंय त्याने डोळे उघडे ठेवून करावं.

सामानाचा टेम्पो पुढे गेला आणि आम्ही मागून बाईकवर येत होतो. मोडनिंबला चहाला थांबलो. तिथून जवळच अरण, सावता महाराजांचं गाव. तेराव्या शतकातले सावता माळी आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहत राहिले, पंढरपूर जवळ असूनही वारीला गेले नाहीत अशी परंपरा आहे. सगळ्या पालख्या पंढरपूरला येतात, पण पांडुरंगाची पालखी मात्र अरणला जाते, ती याचसाठी. चहा पिताना मला एकदम भरून आलं. वाटलं, आपणही तसेच, मोठं शहर सोडून आपल्या मळ्याकडे चाललोय.

आज लिहिताना हसू येतं. सावता महाराजांनी काही सोडलं नव्हतं. ते होते तिथे काम करत होते. मी सोडत होतो, आणि सोडल्याचं कौतुक चहा संपायच्या आत स्वतःच करून घेत होतो.

म्हणून १८.८ वाचा म्हटलं. काम कष्टाचं आहे, शरीराला त्रास होतो, या भीतीने जो सोडतो त्याचा त्याग राजस आणि त्याला त्यागाचं फळ मिळत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोजचे तीन तास, घरमालकाची दरवर्षीची भाडेवाढ, रात्रीचे कॉल, या सगळ्याला कंटाळून मी निघालो होतो. यात पाप काहीच नाही. पण तो त्याग नव्हता, हिशोब होता, आणि हिशोबाला त्यागाचं नाव दिलं की पुढे घोळ होतो. अर्जुनाचंही बघा ना. २.५ मध्ये तो म्हणतो, गुरूंना मारून भोग भोगण्यापेक्षा भीक मागून जगणं बरं. राज्यावरून थेट भिक्षेवर, याहून मोठी पगारकपात कुठली? भगवंतांनी ती मान्य केली नाही. कमी घेणं हे आपोआप श्रेष्ठ असतं तर गीता तिथेच संपली असती.

आता माझा घोळ सांगतो.

आल्यावर महिन्याभरात एका बारशाला गेलो. नातेवाईक विचारू लागले, "काय रे, पुणं सोडलं? नोकरी गेली का?" मी पटकन म्हणालो, "छे! वर्क फ्रॉम होम घेतलंय. पगार तोच." का म्हणालो देव जाणे. कपाटावर श्लोक चिकटवलेला, आणि बाहेर हे! मामाही तिथेच होते. ऐकून त्यांचा चेहरा खुलला. मला तेवढंच हवं होतं.

त्याच सुमारास पुण्यातल्या जुन्या टीममधल्या एकाने प्रमोशनची पोस्ट टाकली. मी 'अभिनंदन भावा' लिहिलं आणि रात्री एक वाजेपर्यंत त्याचा पगार किती झाला असेल याचा अंदाज बांधत बसलो. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने संध्याकाळी फिरायला जायचं, मंदिरात हात जोडायचे, आणि मनात दुसऱ्याची पे स्लिप. भाडं १६,५०० ने कमी झालं होतं. हा खर्च होता तसाच होता. तेव्हा मला 'विमत्सर' हा शब्द पहिल्यांदा दिसला. आधी शेकडो वेळा म्हटला होता, दिसला तेव्हा. समाधान आणि मत्सर नसणं या दोन खुणा भगवंतांनी वेगवेगळ्या का सांगितल्या? कारण आपल्याकडे जे आहे ते पुरतंय हे कळूनही दुसऱ्याकडचं सलू शकतं. पहिली खूण स्वस्त शहरात थोडी सोपी होते, हे मी अनुभवाने सांगतो. तिसरीला शहराने काही फरक पडत नाही.

मग जूनमध्ये मामांचा फोन आला. धाकट्या मामेबहिणीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता. "दीड लाख कमी पडतायत रे. तुझा पगार चांगलाय म्हणून तुलाच विचारतोय. बाकी कुणापुढे हात पसरला नाही."

माझ्याकडे दीड लाख नव्हते. माझ्या एका वाक्यावर त्यांनी प्रवेशाचा हिशोब बसवला होता, आणि मुलीला हो म्हणून मोकळे झाले होते. बारशातला खोटा आकडा आता एका मुलीच्या फीमध्ये जाऊन बसला होता.

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं, आकड्यासकट. मामा थोडा वेळ गप्प. मामींनी चहा ठेवला. मग मामा म्हणाले, "अरे, मग तेव्हाच सांगायचं की! आम्ही काय तुझा पगार बघून जेवायला वाढतो काय?" आणि मग जे बोलले ते मला माहीत नव्हतं. आजोबा कापड गिरणीत होते एवढंच मी ऐकलं होतं. गिरणी बंद पडल्यावर ते यंत्रमागावर जवळजवळ निम्म्या रोजावर उभे राहिले. "त्यांनी पहिल्याच दिवशी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं, आता एवढेच येणार. मी नववीत होतो. राग आला होता मला. पण कुणाला खोटं सांगावं लागलं नाही."

आजोबांना निवड नव्हती, मला होती. त्यांनी कुठलाही श्लोक कपाटाला चिकटवला नव्हता.

मामांनी मला रागावून सोडून दिलं असतं तर बरं वाटलं असतं. ते तसं नाही झालं. मामींचा चेहरा त्या दिवशी उतरलेलाच राहिला, आणि मामेबहीण दोन आठवडे माझ्याशी नीट बोलली नाही. ते तिचं बरोबरच होतं. शेवटी मी ४०,००० दिले, काही रक्कम मामांनी पतसंस्थेतून उचलली, आणि उरलेली फी कॉलेजने हप्त्यांत घेतली. त्यातला एक हप्ता दरमहा माझ्याकडून जातो. वाचणारे ते हजार रुपये त्यातच जातात, वर आणखी चार हजार घालावे लागतात.

नातेवाइकांच्या ग्रुपवरही मी लिहून टाकलं : नवीन नोकरी आहे, पगार आधीपेक्षा कमी आहे, मी बरा आहे. दोघांनी अंगठा दाखवला. एका काकांनी सोलापुरात फ्लॅटचे भाव विचारले. बस्स, एवढंच. ज्याला मी इतके महिने घाबरत होतो ते एवढंच होतं.

प्रमोशनवाल्या मित्राच्या पोस्ट अजून दिसतात. कधी काही वाटत नाही, कधी वाटतं.

आज एक करून बघा. ज्याचा पगार तुम्हाला सलतो त्याचं नाव घेऊन श्लोक २२ तीनदा म्हणा. त्याच्यासाठी काही मागायचं नाही, फक्त नाव घ्यायचं.

उद्या श्लोक २३.

राम कृष्ण हरी.